बंदरावरचे घर : ओमानमध्ये घ्यावे, की भाड्यानेच राहावे?

मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभे असताना एका स्नेह्यांनी विषय काढला. मस्कतमध्ये सत्तावीस वर्षे झालेली, दोन्ही मुले शिकून परदेशी गेलेली, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. ताट हातात धरून ते हळूच म्हणाले, "मरिनावर एक फ्लॅट पाहून आलोय. दोन बेडरूमचा. गॅलरीत उभे राहिले की खाली होड्याच होड्या. घेऊ का?" पुढचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "अहो, त्या पैशांत पुण्यात दोन येतील!" त्यावर एक वहिनी म्हणाल्या, "येतील हो, पण पुण्यात समुद्र कुठून आणणार?" रांग हसली, वरणभात आला आणि विषय तिथेच राहिला.

स्नेह्यांचा प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांनी रुवी, दारसैत, अल खुवैर, घुब्रा या भागांत भाड्याच्या घरांत उभे आयुष्य काढले. मुलांची बारशी तिथे झाली, मुंजी झाल्या, दहावी-बारावीचे निकाल तिथेच कळले. पण नोकरी संपली की निवास परवाना संपतो आणि काही आठवड्यांत सारा संसार खोक्यांत भरावा लागतो. ज्या गावात उणीपुरी तीस वर्षे काढली, तिथे पुढच्या वर्षी पाहुणा म्हणून यायचे. हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तरी वेळ आली की जिव्हारी लागते. म्हणून मरिनावरच्या फ्लॅटची चौकशी करणारा माणूस केवळ मालमत्ता शोधत नसतो. त्याला या किनाऱ्यावर राहून जायचे असते.

मी वकील नव्हे. इमारतींच्या बांधकामात माझी हयात गेली. त्या अनुभवातून आणि दोन-चार मित्रांच्या व्यवहारांत कागद वाचायला बसल्यामुळे जे समजले, ते इथे मांडतो. सार आधीच सांगून टाकतो : ओमानमध्ये परकीय माणूस घर घेतो तेव्हा भिंतींबरोबर तो राहण्याचा हक्क विकत घेत असतो. त्या हक्काच्या अटी काय, तो कोणाच्या नावावर आहे आणि आपल्यामागे त्याचे काय होणार, हे भिंतींइतकेच ठोकून पाहिले पाहिजे.

होड्यांची दोन गावे

ओमानच्या किनाऱ्यावर होड्यांची गावे दोन तऱ्हेची आहेत. पहिली तऱ्हा सूरची. मस्कतहून सुमारे २०० किलोमीटरवर, खाडीच्या तोंडाशी वसलेले हे गाव म्हणजे लाकडी गलबतांचे माहेर. खाडीपलीकडे अल अय्जा, टेकड्यांवर टेहळणीचे बुरूज, आणि काठावर ती प्रसिद्ध गोदी. इथल्या घंजा, सांबूक, बूम या जातींच्या गलबतांसाठी सागवान यायचे मलबारच्या किनाऱ्यावरून. १९५१ साली बांधलेले 'फतह अल खैर' हे गलबत आजही सूरला जतन करून ठेवले आहे. टिम सेव्हरिन यांचे 'सोहार' जहाजही १९८० मध्ये सूरलाच बांधले गेले. खिळे न वापरता, नारळाच्या काथ्याने फळ्या शिवून तयार केलेले ते जहाज मस्कतहून निघून १९८१ मध्ये चीनमधील कँटनला पोहोचले. आता ते अल बुस्तानजवळच्या चौकात उभे आहे आणि आपण रोज त्याच्यावरून गाडी नेतो.

कोकणातल्या माणसाला सूर परके वाटत नाही. दर्या तोच, वारा तोच. पाऊस तेवढा पलीकडेच थांबलेला. सूरला आपली माणसेही पुष्कळ आहेत. कलहातचा द्रवरूप नैसर्गिक वायूचा प्रकल्प २००० मध्ये निर्यात करू लागला. पुढे इफ्को, कृभको आणि ओमान यांच्या भागीदारीतला खतकारखाना २००५ मध्ये सुरू झाला. त्यांच्या निमित्ताने मराठी अभियंते आणि त्यांची कुटुंबे तिथे गेली. पण जुन्या सूर गावात खाडीकाठचे घर आवडले म्हणून ते विकत घेऊन नावावर करता येत नाही. भाड्याने राहा, खुशाल राहा; मालकी मात्र मिळत नाही.

दुसरी तऱ्हा नव्याने वसवलेल्या मरिनांची. मस्कतमध्ये सीब आणि अझैबा यांच्या दरम्यानचा 'अल मौज' हा त्यांतला सर्वांत परिचित. आपल्यातले जुने लोक त्याला अजूनही 'द वेव्ह' म्हणतात, कारण सुरुवातीला तेच नाव होते. सुमारे सहा किलोमीटरचा किनारा, काही ठिकाणी समुद्र हटवून केलेली जमीन, मध्यभागी सुमारे चारशे होड्यांची सोय असलेली गोदी, शेजारी गोल्फचे मैदान. शहराबाहेर डोंगरांपलीकडे 'जबल सिफाह', दूर दक्षिणेला 'हवाना सलालाह'. इथे परकीयाला घर घेता येते.

थोडक्यात, जिथे होड्या बांधल्या जात, तिथे आपल्याला घर मिळत नाही. आणि जिथे घर मिळते, तिथे होड्या बाहेरून येऊन उभ्या राहतात. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. प्रत्येक देश आपली जमीन आपल्या लोकांसाठी राखतो. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात किती नियम आहेत ते आठवा. पण मरिना हे 'गाव' नसून कायद्याने आखून दिलेला एक परिसर आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जायला हवे.

कायदा काय सांगतो

या परिसरांचा पाया म्हणजे २००६ चा शाही फर्मान क्रमांक १२. 'एकात्मिक पर्यटन संकुल' म्हणून सरकारने जाहीर केलेल्या जागेत ओमानी नसलेल्या व्यक्तीला स्थावर मालमत्तेची पूर्ण मालकी घेता येते, असे त्याने ठरवले. म्हणून कोणतेही घर पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा : "हे संकुल त्या यादीत आहे का?" जाहिरातीत समुद्र आहे, गोदी आहे, तरणतलाव आहे, याचा अर्थ ते संकुल आहे असा होत नाही.

दुसरा मार्ग २०२० मध्ये खुला झाला. देशात किमान दोन वर्षे राहिलेल्या परकीयाला संकुलांबाहेर, ठरावीक भागांतल्या बहुमजली इमारतींत दीर्घ मुदतीच्या उपभोगहक्काने फ्लॅट घेण्याची परवानगी गृहनिर्माण मंत्रालयाने दिली. उपभोगहक्क म्हणजे मालकी नव्हे. वापरायचे, भाड्याने द्यायचे, पण ठरलेल्या मुदतीपुरते. मुंबईत 'लीजहोल्ड' जमिनीवरच्या सोसायट्यांत राहिलेल्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. दोन्ही प्रकारांच्या किमतींत अंतर असते आणि विक्रेत्याच्या बोलण्यात ते अंतर कित्येकदा गळून पडते. करारावर 'मालकी' आहे की 'उपभोगहक्क', हे आपल्या डोळ्यांनी वाचावे. मूळ अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. भाषांतर सोयीसाठी असते. म्हणून भाषांतर आपल्या वकिलाकडून करून घ्यावे.

बांधकाम पूर्ण होण्याआधी घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २००८ मध्ये आखातातल्या दुसऱ्या एका शहरात मी हात पोळून घेतले आहेत. नकाशा पाहून पैसे भरले, जागतिक मंदी आली, आणि जिथे तेविसावा मजला व्हायचा होता तिथे दोन वर्षे नुसता खड्डा होता. अखेरीस निम्मे पैसे परत मिळाले. दुसऱ्यांच्या इमारती उभ्या करणाऱ्या माणसाने असे फसावे, याचे सौ.ला अजून हसू येते. ओमानने २०१८ मध्ये शाही फर्मान क्रमांक ३० काढून अशा प्रकल्पांसाठी 'एस्क्रो' खात्याचा कायदा केला. ग्राहकाचे हप्ते त्या वेगळ्या खात्यात जातात आणि त्याच प्रकल्पावर खर्च व्हायचे असतात. तेव्हा पैसे कोणत्या खात्यात जाणार, हे लेखी मागावे. बिल्डरच्या साध्या चालू खात्यात पैसे भरा असे कोणी म्हणाले, तर चहा पिऊन उठावे.

घराबरोबर मिळणारा परवाना

आता मुख्य मुद्दा. संकुलात घर घेतलेल्या मालकाला आणि त्याच्या जवळच्या कुटुंबीयांना त्या घराच्या आधारावर निवास परवाना मिळू शकतो. नोकरी सुटली तरी राहता येते, ते यामुळे. शिवाय २०२१ पासून गुंतवणूकदारांसाठी आणि निवृत्तांसाठी पाच व दहा वर्षांच्या मुदतीचे परवाने सुरू झाले. त्यांच्या रकमा आणि अटी मधून मधून बदलतात. म्हणून मित्राने गेल्या वर्षी काय केले यावर न जाता, व्यवहाराच्या आठवड्यात काय लागू आहे ते संबंधित खात्याकडून पाहावे.

या परवान्याबाबत तीन गोष्टींची गल्लत नेहमी होते. पहिली : राहण्याचा परवाना म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. निवृत्तीनंतर 'थोडे सल्लागाराचे काम करीन' असा बेत असेल, तर त्याची वाट वेगळी आहे. दुसरी : परवाना घराला चिकटलेला असतो. घर विकले की तोही गेला. तिसरी : इथे बरीच वर्षे राहिल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही आणि घर घेतल्यानेही ते जवळ येत नाही. तशी आशा धरून कोणी सही करू नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र स्नेह्यांच्या पत्नीने विचारला. आम्ही तिघे कागद पसरून बसलो होतो. त्या चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळे यांच्या नावावर आहे. उद्या यांना काही झाले, तर मला इथे राहता येईल का?" आम्ही दोघे गप्प बसलो. दोन महिने चौरस मीटर आणि हप्ते मोजत होतो. हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता.

आपल्या घरांत सहसा पतीच्या नोकरीवर पत्नीचा परवाना असतो. घर एकट्याच्या नावावर असेल तर तीच साखळी पुढे चालू राहते. मालकाच्या मागे वारसांच्या नावे घर होईपर्यंत कोर्टकचेरी, भारतातून आणायचे वारस दाखले, त्यांचे साक्षांकन आणि अरबी भाषांतर या सगळ्यांतून जावे लागते, आणि ते सारे दुःखात असलेल्या एकट्या बाईने करायचे. म्हणून माझे तीन आग्रह आहेत. घर दोघांच्या नावे नोंदवावे. मृत्युपत्र करावे, आणि ते इथल्या कायद्यात कसे टिकेल ते वकिलाला विचारून करावे. आणि घरात एक फाइल असावी, जिच्यात मूळ मालकीपत्र, कराराची प्रत, बँकेची कागदपत्रे आणि वकिलाचा पत्ता असेल. ती कुठे आहे हे पत्नीला आणि मुलांना ठाऊक असावे.

समुद्रापेक्षा वादी

समुद्राकाठी घर म्हटले की आपल्याला लाटेची भीती वाटते. ओमानमध्ये धोका बहुधा पाठीमागून येतो. मस्कतचा वर्षाचा पाऊस सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. म्हणून वादी वर्षानुवर्षे कोरड्या असतात, आणि माणसे विसरून जातात की ती नदीची पात्रे आहेत.

जून २००७ मधल्या 'गोनू' चक्रीवादळाने ती आठवण करून दिली. डोंगरांत काही ठिकाणी ६०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि ते सारे पाणी वादींतून समुद्राकडे धावले. देशात सुमारे ५० माणसे दगावली. आम्ही तेव्हा कुरमला तळमजल्यावर राहत होतो. समुद्राकडे डोळे लावून बसलो होतो आणि पाणी आले स्वयंपाकघराच्या बाजूने. सकाळी आमची गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकलेली होती. समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने बंद पडल्याने पुढचे काही दिवस शहर पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लावत होते. त्यानंतर २०१० मध्ये 'फेट', २०१८ मध्ये सलालाहकडे 'मेकुनू' आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बातिना किनाऱ्यावर 'शाहीन' आले.

तेव्हा घर पाहताना गॅलरीतून समुद्र बघून झाला की इमारतीच्या मागे जावे. जवळची वादी कुठे आहे, तिचे पाणी कुठून समुद्राला मिळते, आवाराची जमीन रस्त्यापेक्षा उंच आहे की खोल, तळघरातल्या गाड्यांच्या जागेतून पाणी उपसण्याचे पंप आणि त्यांना वेगळे जनित्र आहे का, विजेची मुख्य खोली कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारावे. विक्री कचेरीतला तरुण गोंधळला, तर इमारतीच्या देखभालवाल्याला किंवा पहारेकऱ्याला विचारावे. तो खरे सांगतो. बहुतेक वेळा हिंदीत सांगतो.

दुसरा शत्रू खारी हवा. समुद्राकडे तोंड असलेल्या घरात वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, खिडक्यांच्या बिजागऱ्या, कठड्याचे स्क्रू लवकर गंजतात. काँक्रीटमध्ये क्षार शिरले की आतली सळई फुगते आणि बाहेरचा थर फुटतो. जुने घर घेत असाल तर गॅलरीच्या छताकडे खालून बघा. तिथे तपकिरी ओघळ किंवा बारीक तडे दिसले, तर रंगकामाच्या खर्चावर भागणार नाही. मे-जूनमधली दमट रात्र त्या घरात एकदा काढून पाहावी. डिसेंबरात समुद्र सर्वांनाच आवडतो.

दर महिन्याचा हिशेब

घराच्या किमतीशिवाय नोंदणीचे शुल्क असते, वकिलाची फी असते आणि दरवर्षीचा देखभाल आकार असतो. तो चौरस मीटरवर ठरतो आणि घर रिकामे असले तरी द्यावा लागतो. गेल्या तीन वर्षांत तो किती वाढला आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी साठतो आहे का, ही दोन उत्तरे लेखी घ्यावीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत ज्यांनी गंजलेल्या टाकीवरून भांडणे ऐकली आहेत, त्यांना याचे महत्त्व कळेल.

आणि होडी? मरिनावर घर घेतले म्हणजे होडी बांधायची जागा मिळाली, असे नाही. जागेचे भाडे निराळे, होडीच्या लांबीप्रमाणे. शिवाय नोंदणी, परवाना, विमा. कोमट पाण्यात होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले भराभर चिकटतात. ती ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढून खरवडावी लागते. आमच्या ओळखीतल्या दोघांनी हौसेने होडी घेतली. त्यांतल्या एकाने विकली आणि दुसरा गिऱ्हाईक शोधतो आहे. महिन्यातून एकदा मासेमारीला किंवा डॉल्फिन पाहायला जायचे असेल, तर होडी भाड्याने घेणे शहाणपणाचे.

भारताच्या बाजूने

रियाल १९७३ पासून अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. एका रियालला सुमारे २.६ डॉलर. त्यामुळे रुपयांत पाहता इथल्या घराचे मोल रुपया घसरेल तसे वाढलेले दिसते. पण तेवढ्यावर हुरळू नये. पुढेमागे घर विकायचे तर गिऱ्हाईक याच लहान बाजारात मिळायला हवे, आणि तो बाजार तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतो.

परत गेल्यावर हे घर ठेवता येते का, हा प्रश्न सर्वांना पडतो. ठेवता येते. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६(४) नुसार परदेशात रहिवासी असताना घेतलेली तिथली मालमत्ता भारतात परतल्यावरही बाळगता येते. मात्र पूर्ण रहिवासी झाल्यावर जगभरचे उत्पन्न भारतात करपात्र होते, आणि परदेशी मालमत्ता प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते. ती न दाखवण्याचा दंड जबर आहे. ओमानमध्ये आजवर व्यक्तिगत प्राप्तिकर नव्हता. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर पाच टक्के कर लागणार आहे. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. तेव्हा एक बैठक चार्टर्ड अकाउंटंटबरोबर व्हावी, आणि ती सही करण्यापूर्वी व्हावी.

मग घ्यावे का?

केवळ नफ्यासाठी घेणार असाल तर माझे मत नको असे आहे. दोन-तीन वर्षांत इथून जायचे असेल तरीही नको. भाड्याने राहून तोच समुद्र दिसतो. पण ज्यांची मुले जगात विखुरली आहेत, ज्यांचे मित्र, डॉक्टर, भजनी मंडळ, बाजारहाट सारे इथे आहे, आणि ज्यांच्याकडे हे घर घेऊनही म्हातारपणाची पुंजी आणि आजारपणाचा विमा शिल्लक राहतो, त्यांनी विचार जरूर करावा. ही शेवटची अट सर्वांत मोठी. घरात सगळे पैसे अडकवून समुद्र बघत बसणाऱ्याला इस्पितळाचे बिल गॅलरीतून देता येत नाही.

स्नेह्यांनी शेवटी काय केले, ते सांगतो. आधी त्याच आवारात एक वर्ष भाड्याने राहिले. उन्हाळ्यात गॅलरीचे दार चार महिने उघडले नाही, हे त्यांना कळले. विमानतळ जवळ असल्याने पहाटेची विमाने कोणत्या वेळी उतरतात, तेही पाठ झाले. मग समुद्राकडचा मोठा फ्लॅट सोडून मागच्या बाजूचा लहान घेतला. बराच स्वस्त पडला. मालकीपत्रावर दोघांची नावे आहेत आणि वहिनींचे नाव आधी आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी अशा रीतीने दिले.

गोदीच्या कठड्यावर दोघे रोज संध्याकाळी फिरायला जातात. होडी घेतलेली नाही. निवृत्तीला आता दोन-तीन महिने उरले आहेत, आणि गेली कित्येक वर्षे पाहत आलो तसे खोके अजून त्यांच्या घरात आलेले नाहीत.